टाकी भरलेली, पंप फिरतोय आणि नळाला नुसती हवा

गेल्या वर्षीची गोष्ट. एप्रिलचा पहिला आठवडा, वाडीतल्या विहिरीत पोहरा सोडला की तळाचा दगड लागायला लागलेला आणि ग्रामपंचायतीचा नळ एक दिवसाआड होता तो चार दिवसांनी यायला लागला, म्हणजे आमच्याकडे पावसाच्या टाकीचं पाणी सुरू करायची वेळ झाली. दरवर्षीचंच आहे. मागच्या पडवीत गेले, बटण दाबलं आणि पंपातून नुसता घुंऽऽऽ असा आवाज. फिरायचं नाव नाही. बंद केला, परत चालू केला, परत घुंऽऽऽ. सासूबाई आतून ओरडल्या, "अगो बंद कर तो, जळेल!" हात लावून बघितला तर एवढ्यातच कोमट झाला होता.

आमचं घर रत्नागिरी जिल्ह्यात, सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर. इथे वर्षाला तीन हजार मिमीच्या वर पाऊस पडतो आणि मे महिन्यात टँकरची वाट बघतात, हे बाहेरच्या माणसाला सांगितलं तर त्याला चेष्टा वाटते. पण जांभा दगड म्हणजे चाळणी, त्यात उतार सगळा समुद्राकडे, पडलेलं पाणी पऱ्ह्याने (ओढ्याने) खाडीला जातं आणि दिवाळी झाली की पऱ्ह्या पण कोरडा. म्हणून २०१६ साली घराच्या मागे टाकी खोदून घेतली. आतून दहा फूट बाय आठ फूट, खोली सात, ओव्हरफ्लोचा पाइप साडेसहा फुटावर, म्हणजे भरली की साडेचौदा हजार लिटरच्या आसपास पाणी. मागच्या बाजूचं छप्पर पत्र्याचं केलं, कारण कौलं वानरं ठेवत नाहीत. हे पाखं साधारण ५५ चौरस मीटर. एक मिमी पाऊस एक चौरस मीटरवर पडला की एक लिटर, म्हणजे कागदावर ५५ लिटर, पण उडून जातं, पन्हळीवरून सांडतं, त्यामुळे मी ४५ च धरते. या हिशोबाने सव्वातीनशे मिमी पावसात टाकी भरते आणि एवढा पाऊस आमच्याकडे जूनमध्येच होऊन जातो. म्हणजे पाणी जमवणं हा प्रश्नच नाही. प्रश्न ते दहा महिन्यांनी नळापर्यंत आणायचा.

आता पंपाचं. साधा अर्धा एचपीचा मोनोब्लॉक आहे, म्हणजे मोटर आणि पंप एकाच तुकड्यात, गावात सगळ्याच छोट्या पंपांना टुल्लू म्हणतात तसा हा पण टुल्लू. वायरमन दादांना फोन केला, ते म्हणाले उद्या येतो. आमच्याकडे "उद्या" म्हणजे काय ते कोकणात राहणाऱ्यांना माहीत आहे. तिसऱ्या दिवशी मी नवऱ्याला व्हिडिओ कॉल लावला (तो डोंबिवलीला असतो, महिन्यातून एकदा येतो) आणि म्हटलं तू फक्त बघ आणि सांग, हात मी लावते.

पहिला अंदाज व्होल्टेज. उन्हाळ्यात संध्याकाळी आमच्याकडे १७०-१८० पर्यंत उतरतं आणि तेवढ्यावर पंप नुसता घुमतो हे खरं आहे, पण सकाळी सहाला २२५ असताना पण तेच. दुसरा अंदाज कॅपॅसिटर, म्हणजे मोटरला फिरायला सुरुवात करून देणारा छोटा डबा. तो बाजारातून आणला, दहा एमएफडीचा, जुन्यावर छापलेला आकडा बघून तोच. इथे एक सांगते, मेन बंद केला तरी कॅपॅसिटरमध्ये करंट राहतो, जुना काढताना मला बोटाला असा झटका बसला की स्क्रू ड्रायव्हर अंगणात जाऊन पडला आणि फोनमधून नवरा म्हणतोय काय झालं काय झालं. नवा लावला. घुंऽऽऽ.

मग मागचं जाळीचं कव्हर काढून पंखा हाताने फिरवून बघितला तेव्हा कळलं. जाम. दगड. पंप ऑगस्टनंतर चालवलाच नव्हता आणि आतलं बिडाचं चक्र ओल्या घरात बसून बसून गंजून चिकटलं होतं. विहिरीवरचा पंप रोज चालतो म्हणून त्याला हे होत नाही, पावसाच्या टाकीचा पंप आठ-आठ महिने नुसता बसून असतो. त्याला काम करून त्रास होत नाही, बसून होतो. सासूबाईंच्या गुडघ्यांचं डॉक्टरांनी अगदी हेच सांगितलंय.

गंज सोडवायचा स्प्रे मारून रात्रभर ठेवला आणि सकाळी शाफ्टच्या टोकाला खाच असते तिथे मोठा स्क्रू ड्रायव्हर घालून हळूहळू पुढे-मागे, पुढे-मागे. मधेच पंख्याला धरून जोर लावला तर पंख्याची एक पाती कटकन तुटून हातात. प्लास्टिकची असते ती, तिथे जोर लावायचा नाही. पण दहा मिनिटांनी शाफ्ट कर्र करून सुटला आणि मग एकदम मोकळा. बटण दाबलं, पंप फिरला, मी ओरडले "झालाऽऽ" आणि सासूबाई हंडा घेऊन नळाशी जाऊन उभ्या राहिल्या.

नळातून फुस्स. नुसती हवा.

"पंप फिरतोय, मग पाणी कुठाय?" सासूबाईंचा प्रश्न एकदम बरोबर होता.

इथून पुढचे चार दिवस कशात गेले ते सांगते, कारण बरेच लोक इथेच पंप बदलून मोकळे होतात आणि नव्या पंपाला पण तेच होतं. हा साधा पंप हवा ओढू शकत नाही, त्याला सक्शनचा पाइप आणि पंपाचं पोट पाण्याने भरलेलं लागतं. ते भरलेलं टिकावं म्हणून पाइपाच्या खालच्या टोकाला, टाकीत, फूट वॉल्व असतो, म्हणजे पाणी वर येऊ देणारी पण खाली जाऊ न देणारी झडप. तर पंपाच्या डोक्यावरचा बूच काढून तांब्याने पाणी ओतायला लागले. एक तांब्या, दोन तांबे, सात तांबे, भरतच नाही. अहो सात फुटांचा एक इंची पाइप, त्यात चार लिटर पण मावत नाही, एवढं पाणी जातंय कुठे? टाकीत परत. म्हणजे फूट वॉल्व धरत नाहीये.

पाइप वर ओढून काढला. फूट वॉल्वच्या जाळीला गाळाचा लेप, आत रबराची चकती कडक होऊन वाकलेली आणि तिच्या खाली काजूच्या पानाचा देठ अडकलेला, काडीपेटीतल्या काडीएवढा. एवढ्याशा काडीने झडप उघडी राहत होती. आणि तो वॉल्व टाकीच्या तळावर टेकलेला होता, बसवताना गवंड्याने म्हटलं होतं की खालपर्यंत सोडू म्हणजे शेवटचा थेंब पण मिळेल. शेवटचा थेंब म्हणजे गाळ! पितळी नवीन फूट वॉल्व आणला आणि पाइप नऊ इंच कापून लावला. तळाचं नऊ इंच पाणी आपलं नाही असं समजायचं.

परत पाणी ओतलं. या वेळी भरलं, काठोकाठ, दहा मिनिटं बघत बसले, पातळी हलली नाही. बूच लावला, चालू केला. नळाला दोन घोट पाणी, मग थुंकल्यासारखं, मग फुस्स. परत ओतलं, परत तेच. नवरा म्हणाला मेकॅनिकल सील गेलं असेल, पण सील गेलं की शाफ्टच्या मुळाशी पाणी ठिबकतं आणि तिथे तर कोरडं ठणठणीत. मग म्हणाला पंपच जुना झालाय नवीन घेऊ. मी फोन ठेवला.

मला एवढं कळत होतं की हवा कुठूनतरी आत येतेय. पण कुठून? सगळे सांधे बघितले, एक थेंब गळत नाही. मी सासूबाईंना हे सांगत बसले होते, त्या पोळ्या लाटत होत्या, त्या म्हणाल्या आमच्याकडे रहाटाच्या पन्हळीला चीर पडली की शेण लावायचे, बंद व्हायची. मग थांबून म्हणाल्या, शेण लावून बघ. मी म्हटलं आई, पिण्याच्या पाण्याचा पाइप आहे तो. त्यावर त्यांनी न बोलता परातीतला कणकेचा एक गोळा तोडून माझ्या हातात दिला.

खरं सांगते, हसत हसतच गेले. एकेका सांध्यावर कणीक थापायची, पंप भरायचा, चालू करून बघायचं. टाकीच्या झाकणाजवळच्या बेंडवर थापली, काही नाही. मधल्या सॉकेटवर थापली, काही नाही. शेवटी पंपाच्या तोंडाशी जो प्लास्टिकचा आट्यांचा तुकडा असतो, दुकानात एमटीए म्हणतात, त्याच्या मानेभोवती थापली आणि चालू केलं, नळाने दोनदा खाकरल्यासारखं केलं आणि मग पाणी. पांढरं फेसाळ, मग निवळ, मग धो धो. सासूबाईंचा हंडा भरला. कणकेवर पंपाच्या बाजूने एक छोटा खड्डा पडला होता, आत ओढल्यासारखा, बेंबीएवढा. चीर नेमकी तिथे होती, केसाएवढी.

ती चीर पाण्याला का दिसली नाही ते नंतर डोक्यात शिरलं. पंप बंद असताना भरलेल्या पाण्याची पातळी त्या तुकड्याच्या जेमतेम वर, तिथे दाब नसल्यातच जमा, म्हणून थेंब बाहेर येत नाही. पण पंप ओढायला लागला की तिथूनच हवा आत, कारण खालून पाणी उचलण्यापेक्षा हवा ओढणं सोपं. आणि चीर पडली का, तर कुणीतरी तो तुकडा पान्याने आवळ आवळ आवळला होता. पितळी आट्यांचा नवा एमटीए, टेफ्लॉन टेपचे बारा-पंधरा वेढे, हाताने घट्ट आणि पान्याने फक्त अर्धा फेरा. कॅपॅसिटर, फूट वॉल्व, एमटीए, टेप, स्प्रे सगळं मिळून हजारच्या आत झालं. नव्या पंपाला चार हजार गेले असते आणि तो पण हवाच फेकत बसला असता.

त्या गडबडीत एक गोष्ट लक्षात आली होती की तळाशी गाळ आहे, म्हणून मे अखेरीला पाणी फूट वॉल्वपर्यंत उतरल्यावर टाकी धुवायला काढली. आधी नुसतं झाडून-पुसून घ्यायचो, या वेळी नीट केली. पंपाचा मेन फ्यूज काढून खिशात ठेवला, म्हणजे कुणी चुकून पण बटण दाबायला नको. झाकण सकाळपासून उघडं, बंद टाकीत हवा कोंडलेली असते, वरून टेबल फॅन लावून दोन तास आत वारा मारला आणि मग बादलीत दिवा ठेवून खाली सोडला. दिवा विझला नाही म्हणजे सगळं ठीकच असं काही नाही, पण विझला असता तर उतरलेच नसते. कमरेला दोर, दोर वरती मुलाच्या हातात, आणि त्याला सांगून ठेवलेलं की मी उत्तर दिलं नाही तर आत उडी मारायची नाही, ओढायचं आणि बोंबलायचं. तो सातवीत आहे, त्याला हे सगळं फार आवडलं. शेजारचे अण्णा पण येऊन बसले होते खुर्ची टाकून, सूचना द्यायला.

आत थंडगार, बाहेर मे महिना. गाळ दीड इंच, काळा, मऊ, हातात घेतला तर लोण्यासारखा, त्यात पत्र्यावरची धूळ, आंब्याचा मोहोर, पालीच्या लेंड्या. एक बेडूक. तो कुठून आला ते बघायला गेले तर ओव्हरफ्लोच्या पाइपाची जाळी कुजून गेलेली, बेडूक जातो तिथून डास काय म्हणतील. डेंग्यूचा डास बहुतेक स्वच्छ साठवलेल्या पाण्यात अंडी घालतो, आपण टाकी बांधून त्याची सोयच करतो. आरोग्य खात्याची माणसं गप्पी मासे देतात ते बरेच जण टाकीत सोडतात, पण पिण्याच्या टाकीत मला ते नको वाटतं, त्यापेक्षा झाकण घट्ट आणि ओव्हरफ्लोला स्टीलची बारीक जाळी. कोपऱ्यात एका सांध्यातून कलमाच्या मुळांची झुपकी आत आली होती, दाढीसारखी. ती कापून सिमेंट भरलं. दरवर्षी येणार आहेत, माहीत आहे.

चूक केली ती पुढे. भिंती काथ्याने घासून झाल्यावर टीसीएल पावडर (पाणी शुद्ध करायची ब्लीचिंग पावडर) बादलीत कालवली, जरा जास्तच, आणि आत उभी राहून ब्रशने भिंतीला लावायला लागले. दोन मिनिटांत डोळे चुरचुरले, घशात असा ठसका की श्वास येईना. कशीबशी शिडी चढून वर आले, अण्णांनी हात दिला. दिवसभर खोकत होते. टीसीएलचं पाणी वरून झाऱ्याने मारायचं, झाकण उघडं ठेवायचं आणि आपण लांब बसायचं. हे मला माहीत नव्हतं असं नाही, पण एवढंसंच राहिलंय म्हणून केलं.

भरलेल्या टाकीत टाकायचं प्रमाण मात्र अगदी थोडं असतं, हजार लिटरला अडीच ग्रॅम, म्हणजे आमच्या पूर्ण टाकीला ३५-४० ग्रॅम. ते पण सरळ ओतायचं नाही, बादलीत कालवून चुना खाली बसू द्यायचा आणि वरचं निवळ पाणी टाकीत. अर्ध्या तासानंतर पाण्याला वास आला पाहिजे, अगदी हलका. ग्रामपंचायतीचे जलसुरक्षक ओटी टेस्ट करून देतात, नळीत पाणी घेऊन दोन-चार थेंब टाकले आणि पाण्यात क्लोरीन असला की पिवळं होतं. पहिल्यांदा आमचं पिवळं झालंच नाही, कारण माझी पावडरची पिशवी दोन वर्षं पडवीत उघडी होती, तिच्यातला दम निघून गेला होता. त्यांच्याकडूनच ताजी घेतली. आणि एवढं करून पण प्यायचं ते उकळूनच.

जूनमध्ये सासूबाईंचा नियम: मिरगाचे पहिले दोन-तीन पाऊस टाकीला द्यायचे नाहीत. आठ महिन्यांची धूळ, पक्ष्यांची घाण, पाचोळा सगळा पत्र्यावर असतो, तो आधी धुवून जाऊ दे. त्यासाठी पन्हळीच्या उभ्या पाइपाला खाली चार इंची पाइप दहा फूट वाढवलाय आणि टोकाला बूच. प्रत्येक पावसाचं पहिलं पाणी त्यात जातं, चोवीस-पंचवीस लिटर, तो भरला की पुढचं आपोआप टाकीकडे वळतं, पाऊस थांबला की बूच काढून सोडून द्यायचं. त्याआधी आमच्याकडे वाळू-खडी-कोळशाचा मोठा फिल्टर होता ड्रममधला, चित्रात दाखवतात तसा. मी तो २०१९ मध्ये काढून टाकला. आमच्या पावसाला तो पुरत नव्हता, जुलैत तासाभरात असा कोसळतो की ड्रम वरून वाहायचा आणि वाळू धुवायला कुणालाच वेळ नसायचा, मग तीच कुजायची. जिथे पाऊस बेताने पडतो तिथे चालत असेल. आम्हाला पन्हळीला जाळी आणि तो बुचाचा पाइप पुरतो, पण पन्हळ आठवड्याला साफ केली तर.

आणि पंप. आता दर रविवारी सकाळी पाच मिनिटं चालवते, पाऊस असो नसो, पाणी वरच्या टाकीत टाकून वापरून टाकायचं. सासूबाई कॅलेंडरवर दुधाच्या नोंदीशेजारी "पं" लिहितात, मी विसरले तर मुलगा चालवतो, त्याचं तर ते आवडीचं काम. वायरमन दादा शेवटी जूनमध्ये आले, पावसात, चहा घेतला, पंप चालू करून बघितला आणि म्हणाले चांगला चाललाय की.

यंदा ३ एप्रिलला टाकीचं पाणी सुरू केलं. बटण दाबलं, सात-आठ सेकंदांत पाणी, पंख्याला एक पाती कमी आहे त्यामुळे जरा खडखडतो एवढंच. माप बघायला बांबूची काठी केलीय, फुटाफुटावर खुणा. एक फूट म्हणजे सव्वादोन हजार लिटर, दिवसाला दोनशे धरले तर अकरा दिवस. आज १२ मे, सकाळी काठी तीन फूट ओली झाली. खालचे नऊ इंच सोडून सव्वादोन फूट उरतं, म्हणजे पंचवीस दिवस, ६ जूनपर्यंत. मिरग ७ जूनला. जमतं खरं तर, पण परवा नणंद मुलांना घेऊन आंब्यांना येतेय पंधरा दिवस, त्यामुळे आजपासून गाडी धुणं बंद आणि अंगणातल्या अनंताच्या झाडाला भांड्यांचं पाणी.